मागच्या सीटवरची जागा

रुमालात गुंडाळलेला चुंबक गाडीच्या दाराखालच्या पट्टीवरून पुढून मागे सरकवत नेला, तर दोन दारांमधल्या खांबापर्यंत तो पत्र्याला घट्ट धरून असतो. खांब ओलांडला की चारेक बोटं रुंदीच्या पट्ट्यात त्याची पकड सुटते. झोप लागलेल्या मुलाची मूठ सुटावी तशी, हळूच, कुरकूर न करता. पट्टा संपला की तो पुन्हा चिकटतो. रंग दोन्हीकडे एकच, चकाकी एकच, आणि नुसत्या डोळ्यांनी बघणाऱ्याला तिथे काही म्हणता काही दिसत नाही.

हेमलता हेरवाडकर जेवण आवरून कॉटवर आडवी झाली आहे आणि तो चुंबक अजून तिच्या मुठीत आहे. चैत्रातली दुपार आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरातली लेथ यंत्रं जेवणासाठी थांबली आहेत, आणि भिंतीपलीकडच्या शेडमध्ये तिचा धाकटा दीर गाडी पुसतो आहे. चामड्याचा ओला तुकडा पत्र्यावरून फिरताना चुईक असा आवाज येतो, थांबतो, पुन्हा येतो.

"वहिनी, डोळा लागला काय?" आबाभाऊजी भिंतीपलीकडून विचारतात.

"नाही."

"मग लावा की. पुण्याचे पाव्हणे चहापर्यंत येतील. तोवर मी हिला नवरीगत नटवून ठेवतो. खरं तर गरज न्हाई. आमच्या दादाच्या हातची गाडी, बिनपावडरची पण उठून दिसती."

 भाऊजींना एकट्यानेच बोलायची सवय आहे. घरात बोलायचं काम त्यांचं, बघायचं काम हिचं, असं ते पाहुण्यांना सांगतात.

गाडी हिलमन मिंक्स आहे, चौपन्न सालची, दुधी हिरव्या रंगाची. हेमलताचे यजमान जयवंत जन्मभर अशा विलायती गाड्यांत रमले. कुणाच्या गोठ्यात कोंबड्या अंडी घालत असलेली मॉरिस, कुणाच्या आमराईत पाल्याखाली गाडली गेलेली ऑस्टिन. ती हुडकून आणायची, नव्यासारखी उभी करायची आणि शौकिनांना विकायची. पुण्या-मुंबईचे, बंगळूरचे लोक "जयवंतरावांच्या हातची ना?" एवढंच विचारत, बॉनेट उघडून इंजिनावरचा नंबर पाटीवरच्या नंबराशी ताडून बघत, आणि जुळला की त्यांचा जीव भांड्यात पडे. मागच्या सीटखालचा गालिचा कुणी उचलत नसे. जयवंतना ते ठाऊक होतं.

ही त्यांची शेवटची गाडी. तिचा पुढचा अर्धा भाग रत्नागिरीच्या एका वकिलांच्या गाडीचा. वकिलांच्या त्या गाडीचा मागचा भाग खाऱ्या वाऱ्याने चाळणी करून टाकला होता. मागचा अर्धा भाग दुसऱ्याच हिलमनचा. ती धुक्यात वळण चुकून गगनबावड्याच्या घाटात नाकावर पडली होती. ताडपत्रीखाली झाकून ट्रकमधून ती आली, त्या पावसाळ्यात शेडचं दार बंदच असायचं. "दोन मेलेल्यांतून एक जिवंत केली," असं जयवंत एकदा जेवताना म्हणाले होते. घाटातल्या गाडीत कोण बसलं होतं हे त्यांनी विचारलं नव्हतं. तिनेही नाही.

जयवंत गेले ते झोपेतच, कुणाला त्रास न देता. त्यानंतर हेमलता एकटी शेडमध्ये गेली आणि तिने आपल्या विद्येप्रमाणे बघितलं. फाउंड्रीच्या प्रयोगशाळेत तिचं आयुष्य गेलं होतं. बीड आणि पोलाद कशाने तुटतं हे सांगायचं तिचं काम. जोड झाकायला भरलेलं शिसं, ज्याला चुंबक चिकटत नाही, ते तिने एका जागी खरवडलं, लाल द्रव लावला, पुसून काढला, वर पांढरी भुकटी मारली. भेगेत मुरलेला लाल रंग भुकटीतून वर आला. सांध्याच्या कडेने, केसाएवढा बारीक, हातभर लांब. या गाडीला वेगळी चॅसी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, नसतो. पत्र्याचं खोकंच सगळा भार पेलतं. तो केस एखाद्या उतारावर, एखाद्या खड्ड्यात उघडेल. आज नाही तर आणखी कधी, पण उघडेल.

तिने खरवडलेली जागा भरली, रंगवली आणि ती गप्प राहिली. बोलली, तर जयवंतच्या हातच्या सगळ्याच गाड्यांकडे लोक संशयाने बघतील, आणि भाऊजींचं गॅरेज त्या नावावरच चालतं. आधी दिवसपाण्यात बोलायचं कसं म्हणून राहिलं. मग वर्षश्राद्ध होऊ दे म्हणून राहिलं. आज सकाळी पुण्याच्या नेर्लेकरांचा फोन आला. लेक आणि तान्ही नात बरोबर आहेत, म्हणाले, गाडी आजच घेतो आणि तशीच घाटाने गोव्याला उतरवतो, तिथे जुन्या गाड्यांचा मेळा आहे. हेमलता म्हणाली, "या." आणि फोन ठेवून चुंबक घेऊन पुन्हा शेडमध्ये गेली, जणू एका रात्रीत शिशाचं पोलाद झालं असेल.

चुईक. थांबतो. चुईक. मूठ सैल होते. चुंबक फरशीवर पडल्याचा आवाज यायला हवा. तो येत नाही.

स्टिअरिंग उन्हाने तापलेलं आहे. रंकाळ्याच्या कडेने रस्ता चालला आहे, पाणी अगदी स्थिर आहे आणि काठावर एकही माणूस नाही. हेमलताला गाडी चालवता येत नाही, आणि ती चालवते आहे. स्टिअरिंगखालचा गिअर तिच्या हाताने लोण्यातून सुरी फिरावी तसा पडतो.

"सावकाश घे," मागून आवाज येतो. "टॉप टाकायची घाई नको."

आरशात जयवंत दिसतात. पांढरा सदरा, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, खिशाला पेन्सिल. तब्येत सुधारलेली दिसते. केस मात्र ओले आहेत, आत्ताच डोक्यावरून आंघोळ केल्यासारखे.

"अहो, तुम्ही मागे का बसलात?"

"मग कुठे बसू? बाईसाहेब गाडी चालवतात म्हटल्यावर साहेबांनी मागेच बसायचं."

तिच्या शेजारची सीट रिकामी आहे. ती हसते, आणि हसता हसता तिला आठवतं की हे गेले आहेत. आठवतं, पण त्याने काही अडत नाही. पोळ्या झाल्यावर गॅस बंद करायचा राहिलाय हे आठवावं, तेवढंच.

तिच्या बाजूच्या काचेत ऊन आहे. आरशात, त्यांच्या डोक्यामागच्या काचेत, धुकं आहे. त्या काचेवरून पाणी निथळतं आहे.

"तिकडे पाऊस आहे?"

"इकडे असतोच," जयवंत म्हणतात.

ती भिंगाला डोळा लावून बसली आहे. प्रयोगशाळेतलं तेच स्टूल, तेच एका पायाने डुगडुगणारं. भिंगाखाली घासून आरशासारखा केलेला पोलादाचा तुकडा आहे आणि त्यात धातूचे दाणे दिसताहेत, बांध घातलेल्या शेतांसारखे, एकाला एक लागून. शेतांमधून एक रस्ता जातो. त्या रस्त्यावरून दुधी हिरव्या रंगाची काहीतरी चीज हळूहळू सरकते आहे.

मागे ते बसले आहेत. त्यांच्या वजनाने बाक कुरकुरतो, पण लाकडासारखा नाही, स्प्रिंगसारखा.

"वळू नकोस. हात हलेल," ते म्हणतात. "काय दिसतंय?"

"जोडाजवळचे दाणे मोठे झालेत. जळलेत."

"कुणाला दिसतात?"

"मला."

"मग झालं तर."

ती भिंग फिरवते. दाणे अस्पष्ट होतात आणि पुन्हा स्पष्ट होतात तेव्हा ते डांबरी रस्त्यावरचे खडे आहेत, आणि ते तिच्याकडे भराभर येत आहेत. महाद्वार रोड आहे. दोन्ही बाजूंची दुकानं उघडी आहेत, साड्या टांगलेल्या आहेत, चपला टांगलेल्या आहेत, आणि सगळे दुकानदार आत तोंड करून, रस्त्याकडे पाठ करून बसले आहेत.

"भूक लागली," जयवंत म्हणतात. "डबा दे."

पोळीभाजीचा डबा तिच्या मांडीवर आहे. स्टीलला अजून पोळ्यांची ऊब आहे. समोरचा रस्ता न सोडता ती तो डाव्या हाताने मागे करते. मधल्या खांबापर्यंत डबा कोमट आहे. खांबापलीकडे तो गार होतो.

"अजून मागे कर."

ती करते. आता तिचं मनगट थंड पडतं, विहिरीत हात घातल्यासारखं, आणि ती थंडी कोपराकडे चढू लागते. कुणीतरी डबा घेतं. घेताना बोटं बोटांना लागतात. ती बोटं जयवंतची नाहीत. लहान आहेत, आणि सुरकुतलेली, खूप वेळ पाण्यात राहिल्यासारखी.

हेमलता हात झटक्यात पुढे ओढते.

"तुमच्याबरोबर कोण आहे?"

"गाडीतलीच माणसं," ते पोळी मोडत म्हणतात. "माझ्या आधीची."

आरशात ते एकटेच दिसतात. पण सीटच्या स्प्रिंगा वाजतात. एक, मग तिच्या शेजारची, मग तिच्याही पलीकडची. पंगतीत उशिरा आलेल्याला जागा करून द्यावी तसं कुणीतरी सरकतं आहे.

"सरा थोडं, सरा," जयवंत शेजारी बघून म्हणतात. त्यांचा आवाज यजमानासारखा आहे, अगत्याचा.

"कशाला सरायला सांगताय त्यांना?"

"आणखी दोघी यायच्यात ना. एक लेक, एक तान्ही. तान्हीला मांडीवर घेतील म्हणा. तिला काय जागा लागते?"

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोणी म्हणजे? तूच की. 'या' म्हणालीस ना त्यांना?"

 ती आरशातून नजर काढून समोर बघते. समोर रस्ता सपाट आहे, कोरडा आहे. पण तिच्या पाठीमागे गाडी उतारावर आहे. हे तिला पाठीला कळतं. पुढचा भाग सरळ चालला आहे आणि मागचा भाग खाली, खोल, कुठल्यातरी वळणाकडे ओढ घेतो आहे. खांबापाशी एक बारीक फट पडली आहे. फटीतून दगडाच्या शेवाळाचा वास येतो आणि खूप खालून पाण्याचा आवाज.

"मी गाडी थांबवते," ती म्हणते.

"थांबव की."

ती ब्रेकवर पाय देते. पाय खाली जातो. आणखी खाली जातो. गाडीला तळच नसल्यासारखा तो जात राहतो आणि शेवटी ओल्या गवतात टेकतो. गवत घोट्याभोवती गुंडाळलं जातं. गाडी चालतेच आहे.

"अहो, तुम्ही उतरा. पुढे या माझ्याजवळ. सगळ्यांनाच उतरवा."

"कसं येणार? मध्ये जोड आहे ना." ते हसतात, त्यांचं नेहमीचं, खांदे हलवून. "माझ्याच हातचा आहे. तो काय लेचापेचा असतोय?"

फट आता बोटभर झाली आहे. मागचा उजेड पुढच्या उजेडात मिसळत नाही. कडेशी तो कापल्यासारखा थांबतो.

तिला वाटतं, आता ते रागावतील. तू तपासलंस, तुला दिसलं, मग बोलली का नाहीस, असं विचारतील. ती उत्तर जुळवू लागते. तुमचं नाव, भाऊजींचा धंदा, लोक काय म्हणतील. त्या शब्दांना आधीच शिळा वास येतो आहे.

ते तसं काही विचारत नाहीत. मागून एक हात येतो आणि तिच्या खांद्यावर पडतो. ओझं आहे त्या हाताला. ब्लाउज भिजून पाठीला चिकटतो. हात प्रेमाने थोपटतो.

"तू काही बोलू नकोस, हेम," जयवंत म्हणतात. "तू गप्प राहिलीस म्हणून तर जमून आलं सगळं. मी एकट्याने कुठलं केलं असतं? निम्मं काम माझं, निम्मं तुझं."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. हे कौतुक तिला सोसवत नाही. ती तोंड उघडते. जीभ जड आहे, गार आहे, तोंडात कुणी शिसं ओतून थिजू दिल्यासारखी. ती नाही म्हणू बघते. आवाज निघत नाही. हात थोपटतो आहे, स्प्रिंगा वाजताहेत, अजून सरताहेत, अजून जागा होते आहे, आणि मागे, अगदी तिच्या मानेशी, एक तान्हं मूल खुदकन हसतं.

"वहिनी. ओ वहिनी. आले न्हवं पाव्हणे."

छत आहे. पंखा बंद आहे. वीज गेली असावी. दारावर भाऊजींची थाप पडते आणि त्यांची चप्पल फटफटत शेडकडे जाते. हेमलता उठून बसते. पाठीचा घाम घामच आहे. ती स्वतःला सांगते की जेवल्यावर उताणं झोपलं की असं होतं. शरीर जागं व्हायला मनापेक्षा उशीर लागतो. त्याला शास्त्रात नाव आहे.

उजव्या घोट्याच्या आतल्या बाजूला खाज येते. ती पातळ वर करून बघते.

जळू आहे. तपकिरी, दोऱ्यासारखी, एका टोकाला फुगत चाललेली.

हेमलता तिच्याकडे नीट बघते, कारण घाबरल्यावरही तिला तेवढंच येतं. अंगणातल्या मातीचा भुगा झालेला आहे. उद्यमनगरात लोखंडाचा कीस आणि काळं तेल यांखेरीज जमिनीवर काही नाही. जळवा पावसाळ्यात असतात, घाटात, गवतात. ती नखाने तिचं तोंड अलगद सोडवते. जळू तळहातावर आखडते, मग लांब होते आणि डोकं उचलून हवेत इकडे तिकडे चाचपते. घोट्यावर तीन बारीक चिरांची एक खूण राहते, तीन रस्ते एका ठिकाणी मिळावेत तशी, आणि तिथून रक्त येऊ लागतं. ते लवकर थांबणार नाही हेही तिला माहीत आहे. ती फुलपात्रात जळू टाकते, वर ताटली झाकते.  यावर विचार करायला ती पुढे जन्मभर मोकळी आहे. आत्ता नाही. आत्ता शेडमधून गाडीचं दार लागल्याचा आवाज आला आहे, मागच्या दाराचा. पुढच्याचा आवाज जरा वेगळा येतो.

ती अनवाणीच बाहेर जाते.

शेडच्या उंबऱ्याशी गाडी उन्हात लखलखते आहे. नेर्लेकर बॉनेटपाशी वाकलेले आहेत. जाडसर, हसरे, रुमालाने मान पुसणारे गृहस्थ. तिला बघून ते हात जोडतात.

"या वहिनी. नंबर जुळले. इंजिन, पाटी, सगळं. जयवंतराव असते तर त्यांच्याच हातून किल्ली घेतली असती."

"आता काय बघायचं उरलंय?" भाऊजी बॉनेट खाली घेत म्हणतात. "बघणाऱ्यांनी बघायचं, तुम्ही नुसतं मिरवायचं."

"घाटात दम धरेल ना?"

"दम? दादाची गाडी हाय. तुम्ही दमाल, ही दमायची न्हाई."

नेर्लेकर हसत पुढे बसतात. मागच्या सीटवर त्यांची लेक बसलेली आहे, केस वर बांधलेली, मांडीवर मुलगी. मुलगी पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी बडवते आहे.

"बाबा, मागे कसलं गार आहे," लेक म्हणते. "बाहेर एवढं ऊन आणि इथे शाल घ्यावीशी वाटतेय. फक्त अडचण होते हो जरा. दोघीच आहोत, तरी."

"मुक्ता, जुन्या गाड्या अशाच असतात. सवय होईल," नेर्लेकर म्हणतात आणि किल्ली फिरवतात. इंजिन एका दमात लागतं. ते ऐकून भाऊजींच्या चेहऱ्यावर जे येतं ते हेमलताला दिसतं. भावाचा अभिमान. एवढ्यासाठीच ती वर्षभर थांबली होती, आणि तो तिच्यासमोर आहे, उघडा, निर्धास्त.

ती गाडीपुढे जाऊन उभी राहते.

"वहिनी, पायाला काय झालं?" भाऊजी विचारतात. "रक्त किती येतंय बघा."

ती खाली बघत नाही. काचेतून ती मागच्या सीटकडे बघते. मुक्ता आणि तिची मुलगी एका कोपऱ्याला अंग चोरून बसल्या आहेत, उरलेली सगळी सीट मोकळी असताना.

"नेर्लेकरसाहेब, इंजिन बंद करा." तिचा आवाज एवढा मोठा निघतो की शेजारच्या वर्कशॉपमधला माणूस दारात येतो. "मुक्ता, बाळाला घेऊन खाली उतर. लगेच उतर."

"अहो पण झालं काय?" नेर्लेकर विचारतात, पण किल्ली फिरवतात. इंजिन थांबतं. मुक्ता काही न विचारता उतरते. मुलीला छातीशी धरून ती उन्हात येऊन उभी राहते.

भाऊजी जवळ येतात, आवाज खाली घेतात. "वहिनी, सौदा झालाय. लोकांपुढे असं काय करताय? आत चला, बसा जरा."

"नाही भाऊजी, इथेच बोलते. ही गाडी विकायची नाही. ह्यांनी दोन गाड्या मधोमध जोडल्यात, आणि तो जोड फाटलाय. ही कापायची."